पिन सर्वांत शेवटी

ठाण्याचा बाळकुम नाका मागे टाकून कशेळीच्या खाडीपुलावर चढले की पलीकडे भिवंडी तालुका लागतो, आणि कशेळी केव्हा संपली हे कळायच्या आत काल्हेर येते. रस्त्याच्या मधोमध मेट्रो ५ चे खांब, कडेला नव्या इमारती आणि त्यांच्या मधून आत शिरणाऱ्या गल्ल्यांच्या टोकाला गोदामेच गोदामे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यातल्या पत्र्यांखाली मुंबई-ठाण्याच्या घरांत जाणारा नाना तऱ्हेचा माल पडून असतो. तो घेऊन येणारे ट्रक मात्र बाहेर. गोदामात जागा रिकामी होईपर्यंत उभे, परतीचे भाडे मिळेपर्यंत उभे, आणि ठाणे शहरातून अवजड वाहनांना ठरावीक वेळीच सोडतात म्हणून ती वेळ येईपर्यंत पुन्हा उभे. एवढा वेळ ड्रायव्हर आणि क्लीनर उपाशी बसत नाहीत. केबिनच्या सीटखालून पातेले निघते, पिठाचा डबा निघतो आणि गोणपाटात गुंडाळलेला तीन पायांचा पंपाचा स्टोव्ह निघतो.

‘कॅम्पिंग स्टोव्ह’ म्हटले की आपल्याला रंगीत तंबू आणि बर्फाची शिखरे आठवतात. महाराष्ट्रात प्रवासी स्टोव्हवर रोज स्वयंपाक करणारा माणूस शोधायचा असेल तर तो डोंगरावर कमी आणि अशा गोदामांच्या दारात जास्त सापडेल. तंबूच्या जागी ट्रकचा फाळका, एवढाच फरक. स्टोव्ह अडला तर जवळ दुसरे साधन नाही, ही अडचण दोघांचीही सारखीच.

तो अडतो तेव्हाचा प्रसंग ठरलेला आहे. डाळ अर्धी शिजलेली, ज्योत बारीक होत जाते, एका बाजूने पिवळी पडते, आवाज बसतो. “वस्ताद, पिन कुठंय?” क्लीनर पत्र्याच्या पट्टीला लावलेली तार बर्नरमध्ये वरून खुपसतो, दोन-चार वेळा वरखाली करतो, स्टोव्ह पुन्हा भर्रकन् पेटतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग पंप आणखी मारला जातो, पिन आणखी जोरात मारली जाते. दोन्ही उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतात. स्टोव्ह नेमका कुठे अडला आहे, हे कुणी विचारलेलेच नसते.

ते विचारायचे तर आधी आतली वाट माहीत हवी. टाकीत रॉकेल असते आणि त्याच्या वर मोकळी जागा. पंपाने त्या जागेत हवा कोंबली की ती रॉकेलवर दाब देते. टाकीच्या तळाजवळून एक नळी वर बर्नरकडे जाते. दाबाखाली रॉकेल त्या नळीतून चढते. बर्नरच्या वळणदार पितळी नळ्या आधीच तापवलेल्या असतात, कधी वाटीतल्या स्पिरिटने, कधी रॉकेलात बुडवलेल्या काकड्याने. त्या तापलेल्या नळ्यांत रॉकेलची वाफ होते. मग ही वाफ निपलच्या भोकातून सणाणत बाहेर पडते, जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि वरच्या टोपीशी निळी जळते. एकदा पेटल्यावर ज्योतच नळ्यांना तापवत ठेवते, म्हणून काकडा पुन्हा लागत नाही.

निपलचे भोक साधारण ०.३ मिलिमीटरचे असते. एक किलो रॉकेल पुरते जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते, म्हणजे अंदाजे बारा घनमीटर. एवढी हवा ओढून आणण्याचे सारे काम त्या भोकातून सुटणाऱ्या वाफेच्या वेगावर चालते. वेगळा पंखा नाही, भाता नाही. त्यामुळे भोकात कण अडकला की नुसते इंधन कमी होते असे नाही; हवेचेही गणित बिघडते. ज्योत पिवळी होते ती त्यामुळे. पिवळ्या ज्योतीतला तो उजेड म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापून चमकणारे कण, आणि तेच पुढे पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात.

ही रचना स्वीडनची. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ साली स्टॉकहोममध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला, तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. नान्सेन १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे बर्फावरून निघाला तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. त्याच घराण्याचे स्टोव्ह गिरगावातल्या चाळींत, खानावळींत, एसटी कॅन्टीनच्या मागच्या बाजूला आणि लग्नाच्या मांडवात पोचले. ध्रुवावर बर्फ वितळवणारे यंत्र आणि चाळीत चहाचे आधण ठेवणारे यंत्र एकच होते, आणि दोन्हीकडे ते एकाच रोगाने आजारी पडत असे.

तो रोग बाहेरून येतो असे आपल्याला वाटते. धूळ गेली, कचरा गेला, असे म्हणून आपण मोकळे होतो. धूळ जातेही, पण निपल चोंदवणारा मुख्य माल स्टोव्ह स्वतःच आत तयार करतो. रॉकेल हा एकच पदार्थ नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात, जड घटकांना तीनशेच्या जवळ जावे लागते. बर्नरच्या तापलेल्या भिंतीला चिकटून राहिलेले जड रेणू नुसते उकळत नाहीत, ते तुटतात. तुटताना हायड्रोजन सुटा होत जातो आणि मागे काळा, कडक, खरखरीत कार्बनचा थर राहतो. तेल शुद्धीकरण कारखान्यांतही तापलेल्या नळ्यांत असाच थर धरतो; तिथे त्याला कोक म्हणतात आणि तो काढण्यासाठी भट्ट्या बंद ठेवाव्या लागतात. आपल्या स्टोव्हचा बर्नर हा त्या मानाने हाताच्या मुठीत मावणारा कारखाना. ज्या जागी तो उत्तम काम करतो, त्याच जागी घाणही धरतो.

थर नळीच्या भिंतीला धरून बसतो तोवर फारसे बिघडत नाही. स्टोव्ह विझला, थंड झाला, पुन्हा तापला की पितळ आकसते आणि प्रसरते, थराला तडे जातात, कपच्या सुटतात आणि वाफेबरोबर निपलपाशी येऊन बसतात. म्हणून काल नीट चाललेला स्टोव्ह आज पेटवल्याबरोबर अडतो. म्हणूनच वरून पिन मारून भागत नाही: वरून घातलेली तार कपची आत ढकलते, वाफ ती पुन्हा निपलशी आणते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच का होते, याचे उत्तर एवढेच आहे.

आता निदान. यात घाई करायची नाही, आणि स्टोव्ह जळत असताना तर काहीच उघडायचे नाही. आधी पंपाकडे बघावे. दांडा आत ढकलताना हाताला काहीच रोध लागत नसेल तर निपल बिचारे निर्दोष आहे. पंपाच्या टोकाचा चामडी वायसर सुकून आकसला आहे. दांडा बाहेर काढून वायसरच्या कडा बोटाने बाहेर फाकवाव्यात, यंत्रात घालायच्या तेलाचे दोन थेंब चोळावेत, आणि पुन्हा घालताना कडा दुमडणार नाही असा फिरवत आत सरकवावा. घरात मिळते म्हणून खोबरेल लावणारे लोक आहेत. उन्हाळ्यात ते चालते, पण खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि जानेवारीच्या पहाटे घाटमाथ्यावर वायसर लाकडासारखा होऊन बसतो. याच्या उलट, पंपाचा दांडा सोडल्यावर आपोआप वर येत असेल किंवा पंपाच्या नळकांड्यात रॉकेल दिसत असेल, तर तळाची झडप गळते आहे. तिच्यातली रबराची बारीक चकती बदलावी लागते, आणि ती बदलेपर्यंत तो स्टोव्ह पेटवू नये.

पंप घट्ट आहे, दाब टिकतो आहे, तरी ज्योत धपधप उसळते आणि बसते, मध्येच थुंकल्यासारखी तडतडते. तर पाण्याचा संशय घ्यावा. पाणी रॉकेलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी जाऊन बसते, आणि वर जाणारी नळी शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखी नेमकी तळातूनच ओढते. थोडेसे पाणीही आधी वर जाते. काल्हेरसारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या कॅनमध्ये पाणी शिरायला वेळ लागत नाही. उपाय सोपा आहे. स्टोव्ह थंड करून टाकी काचेच्या बाटलीत रिकामी करावी आणि थोडा वेळ स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर दिसला तर वरचे रॉकेल हळूच ओतून, दाट विणीच्या कापडातून गाळून पुन्हा भरावे. लोखंडी टाकी असेल तर त्याच पाण्याने गंजाची पूडही झालेली असते. ती निपलपर्यंत पोचली की कार्बनच्या जोडीला तीही येते.

पेटवल्याबरोबर हातभर उंच पिवळी ज्योत उठली, काळा धूर आला, तर काही अडलेले नाही. बर्नर पुरेसा तापलेला नाही आणि वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर येते आहे. हवा सोडायची चावी उघडावी, विझू द्यावे, थंड होऊ द्यावे, आणि पुढच्या वेळी काकडा पुरता जळू द्यावा. यात सर्वांत मोठा दोषी म्हणजे भूक. अर्धा जळलेला काकडा फुंकून पंप मारायची घाई इतकी सार्वत्रिक आहे की अर्ध्याअधिक ‘बिघडलेल्या’ स्टोव्हना काहीच झालेले नसावे, असे माझे मत आहे.

हे सगळे वगळल्यावर निपल आणि बर्नर उरतात. दोघांपैकी कोण, हे कळण्याची एक जुनी रीत आहे आणि ती फार चांगली आहे. स्टोव्ह पूर्ण थंड, चावी उघडी, आजूबाजूला बिडीसुद्धा पेटलेली नाही, मोकळी हवा. पान्याने निपल काढावे आणि आकाशाकडे धरून बघावे. मधोमध सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला तर निपल साफ आहे. मग बर्नरभोवती फडके धरून चावी बंद करावी आणि पंपाचे दोनच हात मारावेत. निपलच्या जागेतून रॉकेल सरळ, सारखे वर आले तर मागची वाट मोकळी. ठिबकत, अडखळत आले किंवा आलेच नाही तर चोंदले आहे ते आत, आणि निपलमध्ये कितीही पिना मारल्या तरी उपयोग नाही. एवढ्या दोन परीक्षांनी अर्ध्या तासाची खटपट वाचते.

निपल साफ करायचे तर ते बाहेर काढूनच. स्पिरिटमध्ये किंवा थिनरमध्ये काही वेळ बुडवून ठेवावे म्हणजे चिकट डांबरी भाग सुटतो. कोरडा कार्बन त्यात विरघळत नाही, तो तारेनेच निघतो. व्हिनेगर किंवा लिंबू लावून पितळ चकचकीत होते, पण कार्बनवर त्याचा परिणाम होत नाही. चमक बघून फसू नये. तार घालायची ती आतल्या बाजूने बाहेर, म्हणजे घाण जिथून आली तिथे परत जात नाही. नंतर जोराने फुंकावे आणि पुन्हा उजेडाकडे धरून बघावे.

पिनेविषयी माझा जो आक्षेप आहे तो इथे सांगतो. निपल पितळेचे, तार पोलादाची. प्रत्येक वेळी तार फिरवली, वाकवली की भोक कणभर झिजते. भोकाचा व्यास वीस टक्क्यांनी वाढला, म्हणजे ०.३० चा ०.३६ मिलिमीटर झाला, तर क्षेत्रफळ चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. इंधन जवळपास दीडपट सुटू लागते, पण बर्नरची हवा घेण्याची रचना तीच राहते. परिणाम? ज्योत पिवळी, काजळी, रॉकेलचा जास्त खप. आणि पिवळी ज्योत दिसली की आपण काय करतो? पिन मारतो. वर्षानुवर्षे पिना मारून रुंद केलेले निपल आणि चोंदलेले निपल दुरून सारखेच दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. रुंद झालेल्याला औषध नाही, नवेच घालावे. सुटे निपल ही अजूनही स्वस्त वस्तू आहे. प्रवासात पिनेच्या जोडीला एक नवे निपल आणि एक चामडी वायसर पुडीत बांधून ठेवावा. खिळा, दाभण, शिवणकामाची सुई यांपैकी काहीही त्या भोकात घालू नये.

बर्नरच्या नळ्यांतला थर ही जास्त अवघड बाब. सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एखादा पीळ सुटा करून तो नळीत आत-बाहेर घासायचा, ही फूटपाथवरच्या दुरुस्तीवाल्यांची युक्ती. त्यात काही कमीपणा नाही: गिर्यारोहकांत प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन ‘एमएसआर’ कंपनीने आपल्या काही स्टोव्हच्या इंधननळीत कारखान्यातूनच अशी केबल बसवून दिली. ती ओढून काढायची, तिनेच नळी घासायची आणि परत घालायची. त्याच कंपनीच्या काही स्टोव्हमध्ये निपलखाली सुई असलेले एक छोटे वजन असते. स्टोव्ह हातात धरून हलवला की सुई आतून भोकात वर जाते आणि घाण बाहेर पडते. सुई आतून बाहेर, हे तत्त्व तिथेही तेच. आपल्या पितळी बर्नरची वळणे मात्र अशी की केबल सगळीकडे पोचत नाही. काही कारागीर बर्नर काढून लालसर तापवतात आणि पाण्यात बुडवतात. पितळ झटकन् आकसते आणि थर तडकून झडतो. याने काम होते, पण सांधे सैल होण्याची भीती राहते. हे ज्याचा हात बसला आहे त्यानेच करावे. बाकीच्यांनी बर्नर बदलावा.

थर इतक्या लवकर धरतो कशाने, याचे उत्तर बहुधा कॅनमध्ये असते. रेशनचे रॉकेल निळे असायचे. ते स्वस्त होते, डिझेल महाग. निळा रंग घातला म्हणजे डिझेलमधली भेसळ डोळ्यांना दिसेल, हा हेतू. तरी भेसळ चालूच होती, आणि ती किती मोठी आणि किती निर्दय होती हे २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनभेसळीचा प्रकार पकडला आणि त्यांना तिथेच जाळून मारण्यात आले. पुढे रॉकेलवरचे केंद्राचे अनुदान आटत गेले आणि २०२० पर्यंत संपले. रेशनचे रॉकेल दुर्मीळ झाले तसे काही ट्रकांवरच्या स्टोव्हमध्ये गाडीच्या टाकीतले डिझेलच जाऊ लागले. डिझेल जळते, पण त्यातले जड घटक साडेतीनशे अंशांपर्यंत उकळत नाहीत. काकडा जास्त लागतो, वास येतो, थर झपाट्याने धरतो. डिझेलवर चालणारा स्टोव्ह दर थोड्या दिवसांनी चोंदला तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पेट्रोल मात्र चुकूनही नाही. रॉकेलची वाफ भडकण्याइतकी जमायला तापमान निदान पस्तीस अंशांच्या वर जावे लागते. पेट्रोलला शून्याखाली चाळीस अंशही पुरतात. म्हणजे काल्हेरच्या कोणत्याही ऋतूत, दिवसा किंवा रात्री, पेट्रोलची उघडी टाकी ज्योतीजवळ धरणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले की झटकन् पेटतो, असे सांगणारे भेटतात. झटकन् पेटतो यात शंका नाही.

इथे मराठी वर्तमानपत्रांतल्या एका जुन्या मथळ्याबद्दल बोलायलाच हवे. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा बातम्या वाचत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पंपाच्या स्टोव्हची अंगरचना ज्याला कळते त्याला त्यातल्या कित्येक बातम्या पटणार नाहीत. निपल चोंदले तर ज्योत बसते, उसळत नाही. जळता स्टोव्ह न विझवता रॉकेल भरले, बर्नरच्या सांध्यातून गळती झाली, टाकी ज्योतीच्या तापाने फार तापली, भेसळीचे इंधन होते, तर अपघात होतो. पण त्याच्या खुणा स्टोव्हवर राहतात. टाकीचा सांधा उसवलेला दिसतो, वायसर जळालेला दिसतो. टाकी जशीच्या तशी, चावी उघडी, बर्नर गार, आणि रॉकेल मात्र बाईच्या डोक्यापासून पायापर्यंत, ही मांडणी यंत्राच्या बिघाडात बसत नाही. तपास करणाऱ्याने स्टोव्ह नीट उघडून पाहिला तर तो साक्ष देतो. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत छळाचे कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले तर नवऱ्याकडे आणि सासरकडे बोट दाखवण्याची सोय त्याने झाली. त्याआधी कित्येक घरांत पितळेच्या एका निर्जीव वस्तूवर सगळा आळ टाकून प्रकरण मिटत असे.

आता गॅसकडे वळू, कारण काल्हेरच्या गल्ल्यांत आणि मजुरांच्या खोल्यांत आज जास्त करून तोच दिसतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर थेट बसवलेला बर्नर, हा आजचा फिरता स्टोव्ह. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या पाच किलोच्या सिलिंडरला ‘छोटू’ नाव दिले. पत्त्याचा पुरावा न मागता ओळखपत्रावर मिळतो म्हणून परगावाहून आलेल्या कामगारांना तो सोयीचा. गॅस आधीच वायू, त्यामुळे इथे कार्बनचा थर धरायचा प्रश्न जवळपास नाही. इथे चोंदते ते वेगळ्याच गोष्टींनी. उतू गेलेले दूध आणि भाताची पेज बर्नरच्या भोकांत सुकते. ठेवणीतल्या स्टोव्हच्या हवेच्या नळीत कोळी जाळे करतो. आणि भिवंडीत यंत्रमागांची रुई असते: तिचे तंतू हवेबरोबर ओढले जाऊन हवा घ्यायच्या भोकांशी जमतात. हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि लांबट होते. एक भाग प्रोपेन वायूला सुमारे चोवीस भाग हवा लागते आणि ब्यूटेनला एकतीस, त्यामुळे रुईचा पातळ पापुद्राही पुरतो. कोरड्या ब्रशने हवेची भोके झटकणे हा पहिला उपाय. जेटला हात नंतर. जेटचे भोक ठरावीक मापाचे असते, ते तारेने कोरून मोठे करणे हा सरळ धोका आहे. काम झाल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघावे. काडी ओढून गळती तपासणारे अजूनही आहेत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. केबिनच्या तळाशी, खोलीच्या कोपऱ्यात तो साचून राहतो.

कॅनिस्टरवर चालणाऱ्या ट्रेकिंगच्या छोट्या स्टोव्हची एक फसवणूक सांगितली पाहिजे. डिसेंबरात हिमालयात गेलेले मराठी ट्रेकर पहाटे चहा ठेवतात, ज्योत मरतुकडी होते, आणि मंडळी जेट उघडून बसतात. जेटमध्ये काहीच नसते. साधे ब्यूटेन शून्याखाली अर्ध्या अंशालाच वायू व्हायचे थांबते. त्यात वायू होताना ते कॅनिस्टरमधली उष्णता घेते, त्यामुळे डबा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, त्याच्यावर दव आणि मग बर्फ धरते. आयसोब्यूटेन उणे बारापर्यंत आणि प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत चालते, म्हणून थंडीसाठी मिश्रणाचे डबे मिळतात. कॅनिस्टर रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन निजणे हा त्यावरचा गिर्यारोहकांचा उपाय. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण मे २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोचले. तसल्या उंचीवर पिण्याचा प्रत्येक घोट बर्फ वितळवून काढावा लागतो; तिथे स्टोव्ह चालणे ही सोय राहत नाही, जगण्याची अट होते. भिवंडी तालुक्यातल्या दुगाडजवळच्या गुमतारा किल्ल्यावर किंवा आसनगावच्या माहुलीवर मात्र हा प्रश्न कधीच येणार नाही. तिथे ज्योत बसली तर गॅस संपला असेल किंवा भोकात माती गेली असेल.

तंबूत असो की ट्रकच्या केबिनमध्ये, अडलेला स्टोव्ह बंद जागेत जळू देऊ नये. हवा कमी पडून अर्धवट जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस आला म्हणून स्टोव्ह आत घेणे आणि वारा येतो म्हणून पत्रा चारी बाजूंनी लावणे, दोन्ही टाळावे. चारी बाजूंनी झाकलेला पत्रा ज्योतीचा ताप टाकीवर किंवा कॅनिस्टरवर परतवतो. वाऱ्याच्या बाजूला आडोसा पुरे.

राहता राहिली टाकी. तिला चीर गेली, सांध्यातून रॉकेल पाझरू लागले, तर बाजारात डाख देऊन मिळतो. वाटीला, पायांना, पातेल्याच्या आधाराला डाख चालतो. दाब सोसणाऱ्या टाकीच्या तळाला तो भरवशाचा नाही, कारण कथलाचा डाख दोनशे अंशांच्या आसपास मऊ होतो आणि टाकीवर तर ज्योत. माझा सल्ला असा की तशी टाकी भंगारात द्यावी, आणि देण्यापूर्वी खिळ्याने एक मोठे भोक पाडून द्यावी, म्हणजे ती डाख लावून, पॉलिश करून पुन्हा कुणाच्या ट्रकवर चढणार नाही.